भुतं कोकणाला, दुष्काळ आम्हाला

16 जानेवारीला 'ट्वेंटी एट इयर्स लेटर : द बोन टेम्पल' येतोय. नांदेडातली पोरं आत्तापासूनच विचारायलेत, इथं लागंल का हैदराबाद गाठावं लागंल?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 2002 साली डॅनी बॉयलनं 'ट्वेंटी एट डेज लेटर' काढला. एका रोगानं माणसं पिसाळतात, लंडन ओस पडतं. 2007 ला दुसरा भाग आला, जून 2025 मध्ये तिसरा, आणि आता हा चौथा, निया डाकोस्टा या दिग्दर्शिकेचा. तिसऱ्या भागात बाकीच्या जगानं ब्रिटनला वाळीतच टाकलंय. समुद्रात गस्तीच्या बोटी, आतल्या माणसानं आतच मरायचं. पलीकडचं जग मात्र मोबाइल घेऊन मजेत जगतंय.

पोरांनी बघावा, मीही बघणार. माझं भांडण त्या सिनेमाशी नाही. माझं भांडण मराठी सिनेमावाल्यांशी आहे. जगबुडीनंतरची गोष्ट सांगायला यांना मराठवाडा का दिसत नाही?

मराठीत हा प्रकार झालाच नाही असं नाही. 26 जानेवारी 2022 ला आदित्य सरपोतदारांचा 'झोंबिवली' आला होता. अमेय वाघ, ललित प्रभाकर, वैदेही परशुरामी. जागा डोंबिवली. एकीकडं बाटलीबंद पाण्याची कंपनी, दुसरीकडं पाण्यावाचून तडफडणारी वस्ती, आणि मध्ये झोंबी. सिनेमा कसा होता यावर मतं वेगळी असू शकतील. पण नस बरोबर धरली होती राव. माणसाला पिसाळायला भूत लागत नाही, पाणी तोडलं तरी पुरतं. फक्त गाडी डोंबिवलीलाच थांबली. लोकल जिथपर्यंत जाते तिथपर्यंतच यांची कल्पना जाते!

बाकी भयपट म्हणलं की कोकण. 'तुंबाड' कोकणात, 'मुंज्या' कोकणात, टीव्हीवरचं 'रात्रीस खेळ चाले' कोकणात. कोकणाबद्दल तक्रार नाही, त्यांना पाऊस आहे, झाडी आहे, जुने वाडे आहेत. पण वाटणी बघा. भुतं कोकणाला, इतिहास पश्चिम महाराष्ट्राला, प्रेमकहाणी पुण्याला, आणि आम्हाला काय? भेगाळलेली जमीन आणि आभाळाकडं बघणारा म्हातारा. नाहीतर आमची बोली एखाद्या गड्याच्या तोंडी घालायची आणि थेटरात हशा घ्यायचा.

आता 2016 चं लातूर आठवा. मांजरा धरण कोरडं. नळ बंद. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांच्या आसपास कलम 144 लागलं, पाचपेक्षा जास्त माणसांनी जमायचं नाही. कशासाठी? दंगल झाली म्हणून नाही, पाण्यावरून होईल म्हणून. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली. 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर पाणी. लाखोंच्या वस्तीचं शहर, पाणी साडेतीनशे किलोमीटरवरून रुळावरून येतंय आणि घागरीभोवती पोलिसांचा पहारा आहे. हे कुठल्या परदेशी लेखकानं लिहिलं असतं तर आपण म्हणलो असतो, काय डोकं आहे गड्याचं!

पटकथा तर तयारच आहे. एका रात्री ती गाडी येत नाही. बस्स, एवढंच. पहिल्या दिवशी लोक रांगेत थांबतात. दुसऱ्या दिवशी रांग मोडते. तिसऱ्या दिवशी बंदोबस्तावरचा पोलीसच बायकोला फोन करून विचारतो, घरात किती शिल्लक आहे? त्याच्या पुढं झोंबी दाखवायची गरज उरते का, तुम्हीच सांगा.

काही मित्र म्हणतील, दुष्काळासारख्या गंभीर विषयाचा भयपट करता? लाज वाटत नाही? मला उलटं वाटतं. दुष्काळावर चांगले सिनेमे झालेत. विदर्भातल्या शेतकऱ्यावरचा सतीश मनवरांचा 'गाभ्रीचा पाऊस' मी आजही लोकांना बघायला सांगतो. पण पुढं तेच तेच रडं झालं. रडका सिनेमा बघून शहरातला माणूस हळहळतो, 'बिचारे' म्हणतो आणि घरी जाऊन शॉवरखाली उभा राहतो. भीतीचा सिनेमा बघून तोच माणूस घरी गेल्यावर आधी नळ उघडून बघंल. आम्हाला दया पुष्कळ मिळाली, तिचं काय करायचं? हे तुमच्याही दारात येऊ शकतं, एवढी भीती एकदा त्यांना वाटू द्या.

मग ठरलेली दोन उत्तरं येतात. एक, बजेट नाही. अहो, ज्या पहिल्या भागापासून ही मालिका सुरू झाली, तो बराचसा हातात धरायच्या साध्या डिजिटल व्हिडिओ कॅमेऱ्यावर शूट झालाय. तिसरा भाग बराचसा आयफोनवर. वर लेन्स आणि साहित्य महाग लावलं असंल, पण ओस शहर दाखवायला त्यांना पहाटे लंडनचे रस्ते रिकामे करावे लागले. आमच्याकडं मे महिन्यात दुपारी बारा वाजता कॅमेरा लावा, फुकटात रिकामं मिळंल.

दुसरं उत्तर, असलं गावाकडं चालत नाही. पाण्याची रेल्वे लातूरला आली त्याच महिन्यात, 29 एप्रिल 2016 ला 'सैराट' लागला. करमाळ्याकडची बोली, नवीन पोरं. चालला की नाही? प्रेक्षकाला अक्कल नाही हे बोलणं तेव्हाच निकालात निघालं.

आणि हे सगळं आज का लिहितोय? कारण येत्या एप्रिलात त्या रेल्वेला दहा वर्षं होतील. आज दहावीत असलेलं लातूरचं पोरगं तेव्हा पाच-सहा वर्षांचं होतं. त्याला लंडन कसं ओस पडलं ते पाठ आहे. आपलं शहर काय भोगून बसलंय, ते त्याला धड माहीत नाही. आणि ज्यांनी भोगलं ते चार पाऊस चांगले झाले की विसरले. मांजरा भरलं की फोटो, स्टेटस, जलपूजन, विषय संपला.

विषय संपत नसतो. दुसरा भाग येतोच. कोरड्यानंतर ओला आला. ऑगस्ट 2025 मध्ये आपल्याच मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगाव भागात रात्रीतून पाणी शिरलं, माणसं गेली, लष्कर बोलवावं लागलं. ज्या मुलखात घोटभर पाण्यासाठी रेल्वे मागवली, त्याच मुलखात पाण्यातून माणसं काढायला जवान आले.

तेव्हा मुंबई-पुण्याच्या निर्मात्यांची वाट बघू नका. नांदेड-लातूरात शॉर्टफिल्म करणारी पोरं आहेत, हातात मोबाइल आहे, नाटकाची जाण आहे. 'बोन टेम्पल' जरूर बघा. परत येताना घरातल्या मोठ्यांना फक्त एवढंच विचारा, 2016 च्या उन्हाळ्यात आपल्या घरात पाणी कुठून येत होतं? जे ऐकाल ते लिहून काढा. पुढचा भाग तिथूनच सुरू होतो.