गाडीचे वय की गाडीचा धूर?

आमच्या एका स्नेह्यांची मोटार २००७ सालची आहे. पेट्रोलवर चालणारी, चार सिलिंडरची, भारत स्टेज-३ मापदंडाची. गेल्या पावसाळ्यापासून ती सकाळी सुरू होताना थरथरू लागली, चढणीवर दमू लागली आणि प्रदूषण तपासणीत तर साफ नापास झाली. तिच्या वर्गातील गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत असावे लागते. यंत्राने आकडा दाखविला तो १.८ टक्के! आता करावयाचे काय? पहिल्या गॅरेजवाल्याने सांगितले, 'कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला, नवा बसवा.' दुसरा म्हणाला, 'इंजिनाचे काम निघाले आहे, रिंग-पिस्टन बदलावे लागतील.' शेजाऱ्यांचा सल्ला सर्वांत सोपा होता. 'साहेब, भंगारात देऊन मोकळे व्हा!'

हा प्रश्न एका गृहस्थाचा नाही. या शहरातील हजारो मध्यमवर्गीय कुटुंबांच्या दारात तो उभा आहे, आणि त्याच प्रश्नाशी दिल्लीचे राज्यकर्ते व न्यायालयेही दहा वर्षांहून अधिक काळ झगडत आहेत. घरातला प्रश्न आणि दरबारातला प्रश्न मुळात एकच आहे. दोष शोधून तो काढावयाचा, की वय पाहून निकाल लावावयाचा?

दिल्लीने वय पाहिले. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशांनी दहा वर्षांपुढील डिझेल आणि पंधरा वर्षांपुढील पेट्रोल गाड्यांना राजधानीच्या रस्त्यांवर मज्जाव झाला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधनच मिळू नये, असा हुकूम सुटला. पण लोकक्षोभ एवढा उसळला की थोड्याच दिवसांत तो पुढे ढकलावा लागला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या आधारावर सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले, आणि डिसेंबरमध्ये ते संरक्षण भारत स्टेज-४ व त्यापुढील गाड्यांपुरतेच असल्याचे स्पष्ट केले. या उलटसुलट प्रवासाची थट्टा करण्याचा मोह होतो, परंतु त्यात एक शहाणपणाचे पाऊल आहे हे आम्ही मान्य करतो. जन्मतारखेकडून दृष्टी निदान यंत्राच्या जातीकडे तरी वळली.

आम्ही पूर्वी काही वर्षे मास्तरकी केली आहे. जन्मतारीख पाहून गुण द्यावयाचे असते, तर आमचे पेपर तपासण्याचे कष्ट पुष्कळच वाचले असते!

आता त्या स्नेह्यांची कथा पुरी करू, कारण ती बोधप्रद आहे. तिसरा मेस्त्री वयस्क होता. त्याने काहीही बदलण्याची घाई केली नाही. चारही प्लग काढून त्याने प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजले. तीन ठीक निघाले, एक फारच कमी. त्या एकात त्याने चमचाभर ऑइल सोडले आणि पुन्हा मोजले. रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलाने फट तात्पुरती बुजून आकडा चढला असता. तो चढला नाही. अर्थात दोष खाली नव्हता, वर होता. एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळून नीट मिटेनासा झाला होता. त्या सिलिंडरात पेट्रोल पुरते जळत नव्हते आणि न वापरलेला प्राणवायू तसाच सायलेन्सरकडे जात होता. तेथील ऑक्सिजन सेन्सर बिचारा प्रामाणिक! जास्तीचा प्राणवायू पाहून त्याने इंजिनाच्या संगणकास 'पेट्रोल कमी पडते आहे' असे कळविले, आणि संगणक चारही सिलिंडरांत अधिक पेट्रोल ओतू लागला. १.८ टक्क्यांचे रहस्य ते हे.

अशा स्थितीत पहिल्या गॅरेजवाल्याचे ऐकून नवा कन्व्हर्टर बसविला असता तर काय झाले असते? न जळालेले पेट्रोल त्यात शिरून जळू लागले असते, आतील जाळी तापून वितळली असती, आणि काही महिन्यांत महागडा भाग निकामी झाला असता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी प्लग, कॉइल, हवेची गळती आणि कॉम्प्रेशन पाहावे, मग सेन्सर, कन्व्हर्टरचा विचार सर्वांत शेवटी. हेड उतरवून व्हॉल्व्ह बदलल्यावर स्नेह्यांच्या गाडीचा आकडा ०.३ वर आला. जुन्या कन्व्हर्टरात अजून जीव होता.

याचा अर्थ प्रत्येक जुनी गाडी जपावी असा कोणी घेऊ नये. निळा धूर सोडत ऑइल पिणारी, चेसिस गंजलेली, सुटे भाग मिळेनासे झालेली गाडी केवळ माया आहे म्हणून रस्त्यावर ठेवणे हा शेजाऱ्यांच्या फुप्फुसांवर केलेला अन्याय आहे. कार्ब्युरेटरची, कन्व्हर्टर नसलेली गाडी कितीही निगुतीने राखली तरी आजच्या भारत स्टेज-६ गाडीइतकी स्वच्छ होणार नाही, हेही खरेच. मुंबईकरांच्या लाडक्या पद्मिनी टॅक्सीस २०२३ च्या ऑक्टोबरात निरोप द्यावा लागला, तेव्हा अनेकांचे डोळे पाणावले. आमचेही. तरी वीस वर्षांची ती मर्यादा आम्हांस अन्यायाची वाटली नाही. दिवसरात्र धावणारी टॅक्सी आणि रविवारी देवदर्शनास निघणारी घरची गाडी यांना मात्र एकच माप लावता येत नाही.

शासनाकडे आमची तक्रार वेगळीच आहे. वय नको, धूर मोजा म्हणावे, तर धूर मोजणारी व्यवस्था विश्वासार्ह हवी. आपली पीयूसी चाचणी पेट्रोल गाडीला जागच्या जागी उभी करून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजते. नायट्रोजनच्या ऑक्साइडांकडे ती पाहतच नाही. तीही सर्वत्र प्रामाणिकपणे होते काय? गाडी समोर नसताना प्रमाणपत्र मिळाल्याच्या कहाण्या वाचकांनीही ऐकल्या असतील. विद्यार्थी गैरहजर आणि निकाल उत्तीर्ण! २०१९ च्या दुरुस्तीने दंडाची कमाल मर्यादा दहा हजार रुपयांवर गेली खरी, परंतु परीक्षाच खोटी असेल तर दंड कोणास होणार? शिवाय नापास झालेल्या मालकाला आकड्यांपलीकडे काही सांगितले जात नाही. तपासणी करणारा आणि दुरुस्ती करणारा वेगळा असावा, नापास गाडीस दुरुस्तीसाठी मुदत मिळावी, आणि दुरुस्तीनंतरची फेरतपासणी पहिल्या आकड्यांशी ताडून पाहावी. एवढे झाले तरी गॅरेजच्या दारात उभ्या असलेल्या मालकास अंदाजावर पैसे उधळावे लागणार नाहीत.

स्नेह्यांच्या गाडीची पुनर्नोंदणी २०२७ मध्ये संपते. तेव्हा ती विशीत पोहोचलेली असेल. वीस वर्षांपुढील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क २०२५ मध्ये दहा हजार रुपये करण्यात आले. ते भरण्याची त्यांची तयारी आहे. फक्त त्या दिवशी परिवहन कार्यालयात गाडीचा धूर कोणीतरी खरोखर मोजावा, एवढीच त्यांची अट आहे, आणि आमचीही.