बचावफळीतला कामगार

मुळशी तालुक्याच्या पूर्व सीमेवर म्हाळुंगे-बालेवाडी येथे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने महाराष्ट्र शासनाने ते उभारले. या मैदानाच्या आश्रयाने २०१९ पर्यंतच्या दहा-बारा वर्षांत चार व्यावसायिक फुटबॉल संघ नांदले आणि चारही संपले. अशोक पिरामल समूहाने २००७ साली काढलेला पुणे एफ. सी. हा त्यांतला पहिला. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये त्याने दुसरा क्रमांक मिळवला आणि २०१५ साली तो स्पर्धेतून बाहेर पडला. कल्याणी समूहाचा भारत एफ. सी. एका हंगामातच गुंडाळला गेला. डी. एस. के. शिवाजियन्सने २०१७ साली आय-लीग सोडली. वाधवान समूहाचा एफ. सी. पुणे सिटी २०१४ पासून इंडियन सुपर लीगमध्ये खेळत होता. २०१९ साली तोही विसर्जित झाला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या मालकांकडे गेली. मैदान मात्र जेथे होते तेथेच आहे, कारण ते जनतेच्या पैशाने बांधलेले आहे.

पक्षाच्या साप्ताहिकाने फुटबॉलवर अग्रलेख का लिहावा, असा प्रश्न काही साथींच्या मनात येईल. दुष्काळ, कर्जबाजारीपणा, कंत्राटी कामगारांची ससेहोलपट हे विषय संपले आहेत काय? संपलेले नाहीत. परंतु पिरंगुटच्या कारखान्यांतल्या कंत्राटी कामगाराविषयी आपण जे बोलतो, तेच या खेळातल्या मजुरीविषयीही बोलता येते, आणि ते कोणी बोलत नाही. आमच्या एका कार्यकर्त्याचा पुतण्या सतरा वर्षांचा आहे, बचावफळीत खेळतो. काही दिवसांपूर्वी त्याने आम्हाला विचारले की फुटबॉलवर पोट भरता येईल का. अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर चटकन देता येऊ नये, याची आम्हाला थोडी लाजच वाटली.

त्या मुलाच्या खोलीत रुबेन दियास या पोर्तुगीज बचावपटूचे चित्र आहे. आमच्या माहितीतला जवळचा दाखला निराळा आहे. राहुल भेके हा १९९० साली जन्मलेला मुंबईचा मराठी बचावपटू. कोलकात्याचा ईस्ट बंगाल, केरळ ब्लास्टर्स, २०१६ च्या हंगामात बालेवाडीला एफ. सी. पुणे सिटी, २०१७ पासून बेंगळुरू एफ. सी., २०२१ पासून मुंबई सिटी आणि २०२४ साली पुन्हा बेंगळुरू, असा त्याचा प्रवास झाला. भारतीय संघाकडून पहिला सामना तो जून २०१९ मध्ये थायलंडमधल्या किंग्ज कप स्पर्धेत खेळला. तेव्हा तो २८ वर्षांचा होता. ज्या वयात आघाडीच्या खेळाडूची कीर्ती उतरणीला लागते, त्या वयात बचावपटूची कुठे दखल घेतली जाते.

बचावपटूचे काम असे की ते नीट झाले तर कोणाच्या लक्षात येत नाही. झालेला गोल मोजला जातो. न होऊ दिलेला गोल कोणत्याच वहीत मांडला जात नाही. घरातल्या स्त्रीच्या श्रमाची राष्ट्रीय उत्पन्नात मोजदाद होत नाही, त्याची येथे आठवण व्हावी. भेके याचे नाव वृत्तपत्रांतून ठळकपणे आले तेही त्याने गोल केले तेव्हाच. १७ मार्च २०१९ रोजी मुंबईत एफ. सी. गोवा विरुद्धच्या अंतिम सामन्यात जादा वेळ संपत आला असताना कॉर्नरवर डोक्याने मारलेल्या त्याच्या गोलाने बेंगळुरूला विजेतेपद मिळाले. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाध येथे इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध पुन्हा त्याच्याच डोक्याने मुंबई सिटीला २-१ असा विजय मिळवून दिला. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय संघाने जिंकलेला तो पहिला सामना. ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानला हरवून मुंबईने चषक उचलला, तेव्हा तो संघनायक होता.

आता या कर्तबगारीच्या शेजारी दुसरी एक तारीख ठेवावी. ऑगस्ट २०२५ मध्ये बेंगळुरूच्या व्यवस्थापनाने पहिल्या संघातील खेळाडू व कर्मचारी यांचे वेतन अनिश्चित काळासाठी स्थगित केल्याचे जाहीर केले. भेके त्या वेळी त्याच संघात होता. एप्रिलमध्ये अंतिम सामना खेळलेला हा संघ. त्याच्या खेळात काही खोट नव्हती. मग घडले काय? अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० साली आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार करून या खेळाचे व्यापारी हक्क एकाच भांडवली गटाच्या हाती सोपवले होते. त्याची मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपत होती. नव्या कराराचा निर्णय लागेना, म्हणून लीग चालवणाऱ्या कंपनीने जुलैमध्ये पुढचा हंगामच स्थगित केला. पुढे महासंघाने हक्कांसाठी निविदा मागवल्या. नोव्हेंबरमध्ये मुदत संपली तेव्हा एकही निविदा आलेली नव्हती. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांना स्वतः लीगच्या प्रारंभाची तारीख जाहीर करावी लागली, आणि हंगाम आखूड करावा लागला. पंधरा वर्षे ज्या खासगी कार्यक्षमतेची आरती ओवाळली गेली, तिचा शेवट मंत्र्याच्या दारात झाला, हे नमूद करून आम्ही पुढे जातो.

मुळशीकरांना हे नवे वाटू नये. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली येथल्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. धरण झाले, गावे बुडाली, वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. जेथे निर्णय होतो आणि जेथे त्याची किंमत मोजली जाते, ती ठिकाणे वेगळी असतात, हे या खोऱ्याने शंभर वर्षांपूर्वी अनुभवले आहे. शेतकऱ्याच्या बुडालेल्या घराची आणि खेळाडूच्या थांबलेल्या पगाराची तुलना करणे योग्य होणार नाही. दुःखाची प्रत अगदी निराळी आहे. यंत्रणा मात्र ओळखीची आहे. पुण्याची जागा हैदराबादला गेली. त्या हैदराबादने २०२१-२२ साली विजेतेपद मिळवले, नंतर खेळाडूंचे पगार थकवले, पुढे मालक बदलले आणि २०२५ साली तो संघ दिल्लीला हलवण्यात आला. गिरणी बंद करून जमीन विकण्याची विद्या ज्यांनी परळ-लालबागमध्ये पाहिली आहे, त्यांना संघ बंद करून परवाना हलवण्याची विद्या वेगळी शिकवावी लागत नाही.

पूर्वी काय होते? मुंबईत मफतलाल, ओर्के मिल्स, टाटा, एअर इंडिया, आर. सी. एफ., पश्चिम रेल्वे यांचे संघ होते. त्यांतला खेळाडू बहुधा त्या आस्थापनेचा नोकर असे. सकाळी सराव, दुपारी कचेरी, महिनाअखेर पगार, भविष्यनिर्वाह निधी, आणि गुडघा निकामी झाला तरी टेबल शाबूत. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. तीत मालकाची मेहेरबानी होती, खेळाचा दर्जा अनेकदा बेताचा होता, आणि राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्र युनायटेड २०१० साली मालकाच्या एका निर्णयाने बंद झाला, हेही खरे. तरी खेळ थांबल्यावर माणूस रस्त्यावर येत नसे. आजच्या व्यावसायिक खेळाडूचा मोबदला पुष्कळ मोठा आहे. तो एक-दोन किंवा तीन वर्षांच्या कराराचा आहे, आणि सारे कमावते वय पस्तिशीच्या आत आटोपते. काही थोड्यांना लाखो रुपये मिळतात म्हणून हा वर्ग श्रीमंतांचा समजला जातो. खालच्या श्रेणीत खेळणाऱ्या, दरवर्षी नवा मालक शोधणाऱ्या मुलांकडे पाहिले की तो समज टिकत नाही.

पिरंगुटच्या त्या मुलाच्या भिंतीवरच्या रुबेन दियासकडे येथे वळले पाहिजे, कारण त्याच्या कथेत आपल्या कामाचे बरेच काही आहे. १९९७ साली लिस्बनजवळ आमादोरा येथे तो जन्मला, अकराव्या वर्षी बेनफिका क्लबमध्ये शिकायला गेला, तेथेच मोठा झाला आणि सप्टेंबर २०२० मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ६ कोटी ८० लाख युरोंना इंग्लंडच्या मँचेस्टर सिटीकडे गेला. मुलांना आकडा पाठ असतो. त्यांना ठाऊक नसते ते असे की बेनफिका हा सभासदांचा क्लब आहे. अध्यक्ष निवडण्याचा अधिकार सभासदांना आहे. ऑक्टोबर २०२५ च्या निवडणुकीत ८५ हजारांहून अधिक सभासदांनी मतदान केले. आपल्या एखाद्या मोठ्या सहकारी साखर कारखान्याच्या निवडणुकीची आठवण यावी असा हा प्रकार. जुन्या सभासदाच्या मताला तेथे अधिक वजन असते, ही गोष्ट आम्हाला पटत नाही; पण मालक एका रात्रीत क्लब दुसऱ्या शहरात नेऊ शकत नाही, ही गोष्ट पटते. पोर्तुगालच्या खेळाडूंनी आपला संघही १९७२ साली, म्हणजे तेथे अजून हुकूमशाही असताना, स्थापन केला. इंग्लंडमधल्या खेळाडूंची संघटना तर १९०७ पासूनची आहे. आठवड्याला २० पौंडांवर पगार जाऊ द्यायचा नाही, ही तेथल्या मालकांची कमाल मर्यादा तिने संपाची नोटीस देऊन १९६१ साली मोडून काढली.

पोर्तुगालचे सारेच आलबेल आहे असे नाही. त्या देशाचे क्लब मुले घडवतात आणि श्रीमंत देशांना विकतात; अशी विक्री झाली नाही तर त्यांचा ताळेबंद जुळत नाही. कच्चा माल पाठवणाऱ्या देशाचीच ही गत आहे. फरक एवढाच की तेथे घडवणाऱ्या संस्थेला मोल मिळते. जागतिक फुटबॉल महासंघाच्या २००१ पासूनच्या नियमानुसार, करार चालू असलेला खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला तर त्या रकमेचे ५ टक्के, तो १२ ते २३ वर्षांचा असताना ज्या क्लबांनी त्याला शिकवले त्यांच्यात वाटले जातात. मुळशीतल्या एखाद्या गावच्या मंडळालाही तो वाटा मिळू शकेल. त्यासाठी ते मंडळ नोंदलेले हवे, मुलाची नोंद त्या वयात झालेली हवी. आपल्याकडे मुलगा कोणी घडवला याची नोंदच बहुधा नसते. शाळेचा व्यायामशिक्षक, गावातला एखादा माजी खेळाडू यांच्या श्रमाचा हिशेब कोणी ठेवत नाही.

आणि घडवण्याची परंपरा आपल्याकडे नाही असे थोडेच आहे? मुळशीच्या गावोगावी तालमी आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्र केसरीची कुस्ती भूगावला झाली, ती काही उगीच नव्हे. तालीम गावाची असते; यात्रेच्या वर्गणीतून, दूधवाल्याच्या उधारीतून ती चालते. कोल्हापुरात पेठांच्या याच तालमींनी फुटबॉलचे संघ काढले. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तालमींचीच नावे आहेत. शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्यांना जी गर्दी लोटते, ती पाहून आम्ही स्वतः थक्क झालो आहो. पेठेचा संघ हैदराबादला नेण्याचा विचार कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. मात्र तेथे खेळून आयुष्याची भाकरी मिळत नाही, पेठांच्या ईर्षेतून हाणामारीही होते, आणि ज्याला पुढे जायचे आहे त्याला गाव सोडावे लागते. कोल्हापूरचा अनिकेत जाधव राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. गावाचा जिव्हाळा, शासनाचे मैदान आणि खेळाडूची संघटना या तीन गोष्टी आपल्याकडे वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. एकत्र कोठेच नाहीत.

तिसरी गोष्ट सर्वांत दुबळी आहे. भारतीय खेळाडूंची संघटना २००६ साली बायचुंग भूतिया यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. थकलेल्या पगारांचे दावे लढवण्याचे काम तिने केले आहे, त्याबद्दल तिचे ऋण मानले पाहिजे. परंतु कामगार चळवळीने तिच्याकडे कधी वळून पाहिले नाही आणि तिनेही स्वतःला कामगार चळवळीत कधी मोजले नाही. याला कायद्याचेही कारण आहे. औद्योगिक संबंध संहितेतील ‘कामगार’ या शब्दाच्या व्याख्येत श्रमिक पत्रकार आणि विक्री प्रतिनिधी यांचा नावाने समावेश आहे. व्यावसायिक खेळाडूचा नाही. पत्रकारांना ते स्थान आपोआप मिळाले नव्हते. त्यासाठी त्यांच्या संघटना झगडल्या आणि १९५५ साली त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला.

पक्षाच्या पुणे जिल्ह्यातील कार्यकर्त्यांपुढे आम्ही दोन कामे ठेवू इच्छितो. व्यावसायिक खेळाडूचा कामगाराच्या व्याख्येत समावेश व्हावा आणि संघ बंद करणाऱ्या किंवा हलवणाऱ्या मालकाने उरलेल्या करारांची रक्कम आगाऊ अनामत ठेवावी, अशी मागणी आपल्या कामगार आघाडीने खेळाडूंच्या संघटनेशी बोलून मांडावी. दुसरे काम अगदी घरचे आहे. तालुक्यातील ज्या मंडळांत मुले फुटबॉल खेळतात त्यांची यादी करावी, ती धर्मादाय आयुक्तांकडे व जिल्हा फुटबॉल संघटनेकडे नोंदवून घ्यावी, सभासदांच्या वर्गणीची वही ठेवावी आणि बालेवाडीचे शासकीय मैदान आठवड्यातून काही तास या मंडळांना परवडणाऱ्या दराने मिळावे म्हणून क्रीडा खात्याकडे अर्ज करावा. अर्जाचा मसुदा आम्ही करून देऊ.

त्या मुलाला आम्ही सांगितले की खेळावे, बारावीची परीक्षा द्यावी, आणि पुढे कोणी करारपत्र पुढे केले तर सही करण्यापूर्वी ते आमच्याकडे घेऊन यावे. त्याने करारपत्र मराठीत असते का असे विचारले. ते इंग्रजीत असते.