हा कितवा पंप?

सांताक्रूझचे नाव सर्वतोमुखी झाले ते पावसाच्या आकड्यांमुळे. २६ जुलै २००५ला इथल्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवशी कुलाब्यात शंभरही झाला नव्हता. तेव्हापासून पावसाने जोर धरला की अख्खी मुंबई विचारते, ‘सांताक्रूझला किती झाला?’

त्याच सांताक्रूझमध्ये, स्टेशनजवळच्या एका औषधाच्या दुकानात परवा एक मावशी छत्री मिटत आल्या. धाप लागलेली. “तो निळा पंप द्या.” चिठ्ठी कोणी मागितली नाही. काउंटरला टेकूनच त्यांनी टोपण काढले, लागोपाठ दोन फवारे मारले. श्वास आत ओढायचा राहून गेला, त्यामुळे निम्मे औषध धुरासारखे तोंडातून बाहेर आले. मग पंप रुमालात गुंडाळून पर्सच्या तळाशी. कोणी पाहायला नको! हा वर्षातला कितवा, हे ना त्यांनी सांगितले, ना दुकानदाराने विचारले.

खरे दुखणे त्या न विचारलेल्या आकड्यात आहे. निळ्या पंपातले साल्ब्युटामॉल आवळलेल्या श्वासनलिका काही मिनिटांत सैल करते. दम्याच्या मुळाशी असलेली सूज मात्र ते उतरवत नाही. रोग्याला बरे वाटते आणि आत सूज तशीच राहते. म्हणूनच दम्याच्या उपचारांची जागतिक दिशा ठरवणाऱ्या ‘जिना’ या संस्थेने २०१९ साली स्पष्ट केले, की मोठ्या माणसांना आणि किशोरवयीनांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये. जोडीला सूज उतरवणारे, श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड हवेच.

त्यामागे भक्कम संशोधन आहे. सौम्य दम्याच्या रुग्णांवरील २०१८च्या ‘सिग्मा-१’ चाचणीत, गरजेपुरता बुडेसोनाइड (स्टेरॉइड) आणि फॉर्मोटेरॉल (श्वासनलिका सैल करणारे औषध) यांचा जोडपंप घेणाऱ्यांना केवळ श्वासनलिका सैल करणारा पंप वापरणाऱ्यांपेक्षा दम्याचे तीव्र झटके ६४ टक्क्यांनी कमी आले. न्यूझीलंडमध्ये ५ ते १५ वर्षांच्या मुलांवर झालेल्या आणि २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही जोडपंपामुळे झटके ४५ टक्क्यांनी घटले. उलट बाजू ब्रिटनमधली. तिथे दम्याने झालेल्या मृत्यूंची छाननी २०१४मध्ये प्रसिद्ध झाली. मृत्यूच्या वेळी तात्पुरता आराम देणारे पंप वापरत असलेल्यांपैकी ३९ टक्के रुग्णांना आधीच्या वर्षभरात असे बारापेक्षा जास्त पंप लिहून दिलेले होते.

आपल्याकडे गाडी निदानाच्या आधीच अडते. पुण्याचे डॉ. संदीप साळवी ज्यात सहभागी होते, त्या २०२२च्या देशव्यापी पाहणीत दम्याची तीव्र लक्षणे असलेल्या ७० टक्के लोकांना दमा असल्याचे निदानच झालेले नव्हते. ज्यांना कळते, त्यांच्या घरी ‘पंपाची सवय लागते’ हे ब्रह्मवाक्य ठरलेले. गंमत अशी, की स्टेरॉइडच्या धास्तीने सूज उतरवणारा पंप नाकारला जातो आणि निळ्याची खरोखरच सवय लागते. पंपातले स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. झटका आल्यावर द्याव्या लागणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या मिलिग्रॅममध्ये. फवाऱ्यानंतर चूळ भरली की तोंड येण्याचा धोकाही कमी होतो. एवढे समजावून सांगायला दोन मिनिटे पुरतात. ती न दिल्याची किंमत एखाद्या रात्री आयसीयूत, व्हेंटिलेटरपाशी मोजावी लागते.

यासाठी नवे रुग्णालय बांधायला नको. बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा जोडपंप अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. तो पालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात कायम मिळायला हवा. फुंकर मारून श्वासाचा जोर मोजणारा पीक फ्लो मीटर काही शे रुपयांत येतो. बीपीच्या यंत्राशेजारी तोही दिसायला हवा. आणि ज्याला एक पैसाही पडत नाही असे मोजमाप औषध दुकानदाराच्या हाती आहे. निळ्या पंपात साधारण २०० फवारे असतात. तो महिन्यात संपत असेल, तर रोज सहा-सात फवारे झाले. वर्षात तिसरा पंप लागला, तरी तो धोक्याचा इशारा समजावा आणि डॉक्टर गाठावा.

पाऊस किती झाला हे सांताक्रूझ रोज सांगते. पुढच्या वेळी त्या मावशी आल्या, की पंप हातात देण्याआधी दुकानदाराने एवढेच विचारावे, “मावशी, यंदाचा हा कितवा?”