आठ वाचक आणि एक पोथी

साहित्यविचाराला वाहिलेल्या पानावर संगणकाच्या प्रोसेसरविषयी लिहिणे काही वाचकांना औचित्यभंगाचे वाटेल. तरीही आम्ही ते धाडस करीत आहोत, कारण एका चुकीच्या खरेदीने आमच्या अभ्यासमंडळाला आस्वादप्रक्रियेविषयी जे शिकवले, ते एरवी आमच्या ध्यानात आले नसते.

आम्ही साहित्य शिकवणारी आणि शिकणारी काही माणसे. कथनमीमांसेचा विचार करताना संगणकीय खेळांकडे फार काळ दुर्लक्ष करता येत नाही, हे आमच्यातील तरुण मंडळींनी आम्हांस पटवले. ‘प्लेनस्केप : टॉरमेंट’ (1999) हा खेळ तर बव्हंशी वाचायचाच आहे, त्यातील संवाद आणि वर्णने एखाद्या बृहत्कादंबरीच्या विस्ताराची आहेत. ‘मॉरोविंड’मध्ये (2002) ‘विवेकचे छत्तीस पाठ’ ही एका देवाने स्वतःविषयी सांगितलेली, अविश्वसनीय निवेदनाचा उत्तम नमुना ठरावी अशी पुस्तकमालिका आहे. ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ (2006) तर लिहिलेली कथा सांगतच नाही. तो एक जग निर्माण करतो, त्याचा शतकांचा इतिहास रचतो आणि त्यातून कथा घडू देतो. या कृती एकत्र अभ्यासाव्यात म्हणून आम्ही वर्गणी काढली आणि एक संगणक जुळवून घेतला.

चूक तेथेच झाली. थोड्या पैशांत जास्तीत जास्त मिळावे, या मध्यमवर्गीय न्यायाने आम्ही सर्व्हरमधून निघालेला, दहा कोअरचा, जुना प्रोसेसर निवडला. दहा हा आकडा चारपेक्षा मोठा आहे, एवढेच आमचे गणित होते. ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’मध्ये वस्तीत शे-दीडशे बुटके जमले की खेळ रांगू लागे. एका विद्यार्थिनीने यावर सुरेख निबंध लिहिला: वस्ती वाढते तसा काळ घट्ट होत जातो, समृद्धीच्या ओझ्याखाली कृतीच मंदावते आणि ही संथता हेच तिचे आशयसूत्र आहे. आम्ही निबंधाचे कौतुक केले, मंडळात त्याचे वाचनही झाले. पुढे तीच वस्ती आमच्यातील एकाच्या घरच्या, चारच कोअरच्या नव्या संगणकावर उघडली, तेव्हा बुटके लगबगीने कामे करीत होते. घट्ट झालेला काळ कृतीचा नव्हता. आमच्या यंत्राचा होता. विद्यार्थिनीचा दोष काहीच नव्हता. तिने समोर दिसले ते प्रामाणिकपणे वाचले. सदोष प्रत आम्ही तिच्या हाती दिली होती.

असे का झाले, हे समजून घेण्यासाठी पोथीवाचनाचे उदाहरण पुरेसे आहे. पोथी वाचायला एकाऐवजी आठ वाचक बसवले आणि प्रत्येकाला एकेक अध्याय वाटून दिला, तर पारायण आठपट लवकर उरकेल. पण ऐकणाऱ्याला कथा कळणार नाही. प्रत्येक प्रसंग आधीच्या प्रसंगातून निघत असेल, तर वाचक एकच हवा आणि तो भरभर वाचणारा हवा. जुन्या खेळांची रचना अशीच आहे. पात्र हलले, दार उघडले, पहारेकऱ्याने पाहिले, त्याने तलवार उपसली: ही मालिका एकाच धाग्यात, म्हणजे एकाच थ्रेडमध्ये, ओवलेली असते. बाकीचे कोअर श्रोत्यांसारखे बसून राहतात. जीन अ‍ॅम्डाल यांनी 1967 साली मांडलेले तत्त्व हेच सांगते. कामाचा 80 टक्के भाग क्रमानेच करावा लागत असेल, तर आठ कोअर लावूनही वेग सुमारे 1.2 पट होतो. कोअर अगणित लावले तरी 1.25 पटीच्या पुढे जात नाही.

हे खेळ रचणाऱ्यांना दूरदृष्टी नव्हती, असे मात्र म्हणता येत नाही. त्यांच्या काळात प्रोसेसरचा एकेरी वेगच झपाट्याने वाढत होता. 2000 साली पेंटियम 4 हा 1.4 आणि 1.5 गिगाहर्ट्झने आला आणि 2004 मध्ये 3.8 पर्यंत पोहोचला. त्याच वर्षी इंटेलने 4 गिगाहर्ट्झचा बेत उष्णतेपुढे हात टेकून सोडून दिला, आणि 2005 पासून घरगुती संगणकांत दोन कोअरचे प्रोसेसर येऊ लागले. रस्ता वळला, पण त्या वळणाआधी आखलेले खेळ सरळच धावत राहिले. 2007 चा ‘क्रायसिस’ हा त्या जुन्या आशेचा ठळक अवशेष. उद्याचे यंत्र एकेरी धाग्यावर आणखी वेगवान असेल, या भरवशावर तो उभा होता, म्हणून त्यातील गर्दीचे प्रसंग बलाढ्य यंत्रांनाही दीर्घकाळ दमवत राहिले.

मग निवड कशी करावी? आमचे मत स्पष्ट आहे: कोअरची संख्या शेवटी पाहावी, एका कोअरचा वेग आधी पाहावा. तोही केवळ गिगाहर्ट्झवरून ठरवू नये. 2004 चा 3.8 गिगाहर्ट्झचा पेंटियम 4 आणि 2022 चा, कमाल 4.3 गिगाहर्ट्झने चालणारा चार कोअरचा कोअर आय3-12100 हे आकड्यांत शेजारी दिसतात. पण एका ठोक्यात होणारे काम इतके वाढले आहे की दोघांची तुलनाच होऊ नये. दुसरी पाहण्याची गोष्ट कॅशे, म्हणजे प्रोसेसरची हाताशी असलेली स्मृती. शेकडो पात्रांची नोंदवही सतत चाळणाऱ्या खेळांना तिचा मोठा उपयोग होतो. रायझन 5 5500 आणि 5600 ही नावे जुळ्या भावंडांसारखी असली, तरी पहिल्यात ही एल3 स्मृती 16 एमबी आहे, दुसऱ्यात 32. किमतीतला फरक परवडण्यासारखा असेल तर आम्ही 5600 घेऊ. केवळ जुनेच खेळ खेळायचे असतील, तर आय3-12100 पुरे. त्याच्या नावाशेवटी एफ हे अक्षर असेल, तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते आणि वेगळे कार्ड घ्यावे लागते, एवढे ध्यानात ठेवावे.

‘प्लेनस्केप’ किंवा ‘मॉरोविंड’पुरताच अभ्यास असेल, तर नवे काही घ्यायचीही गरज नाही. कार्यालयांतून निघालेले दहा-बारा वर्षांपूर्वीचे संगणक लॅमिंग्टन रोडवर वा आपल्या गावच्या सेकंडहँड दुकानात मिळतात. ते या कृतींना पुरून उरतात. अट एकच. विंडोज 10 चे नियमित पाठबळ ऑक्टोबर 2025 मध्ये संपले आणि इतक्या जुन्या प्रोसेसरना विंडोज 11 अधिकृतपणे स्वीकारत नाही. तेव्हा तो संगणक एक तर जाळ्यापासून दूर ठेवावा, नाही तर त्यावर लिनक्स घालावे.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, वेग हा कृतीचा भाग नव्हेच. संहिता तीच, मग ती संथ चालली म्हणून काय बिघडले? आमच्या मते पुष्कळ बिघडते. कवितेतील लय जशी अर्थाबाहेरची नसते, तशी खेळातील गतीही नसते. आणि हे केवळ संथपणाबद्दल खरे नाही. 1990 चा ‘विंग कमांडर’ प्रोसेसरच्या वेगाशी बांधलेला होता. पुढच्या पिढीच्या यंत्रांवर तो इतका सुसाट पळे की खेळणे अशक्य होई. 2011 च्या ‘स्कायरिम’मध्ये सेकंदाला 60 चित्रांची मर्यादा ओलांडली, तर आरंभीच्या प्रसंगातील कैद्यांची गाडीच उधळते, गंभीर प्रसंगाचे प्रहसन होते. म्हणून डॉसबॉक्ससारख्या साधनाने जुन्या खेळांना लगाम घालावा लागतो. कृतीला तिची मूळ चाल मिळवून देणे म्हणजे कधी वेग वाढवणे, कधी मुद्दाम रोखणे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नव्या आवृत्त्या निघत असताना जुन्यांचा आग्रह कशाला? ‘प्लेनस्केप’ची सुधारित आवृत्ती 2017 मध्ये आली, 2006 च्या ‘ऑब्लिव्हियन’चे नवे रूप 2025 मध्ये. त्यांचे आम्ही स्वागतच करतो. पण पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना हे सांगायला नको की सुधारित आवृत्ती ही दुसरी आवृत्ती असते. ‘ऑब्लिव्हियन’च्या नव्या रूपातील प्रकाश, चेहरे, वृक्षराजी वेगळी आहे, मूळ कृतीविषयी विधान करायचे तर मूळच उघडावी लागेल. शिवाय या नव्या रूपाला लागणारे यंत्र आपल्या महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेरचे आहे, आणि मूळ कृती मात्र स्वस्त यंत्रावर सुखाने चालते. ज्यांच्याकडे पैसा थोडा, त्यांच्यासाठी मूळ संहिताच अधिक जवळची, ही परिस्थिती साहित्याच्या विद्यार्थ्यांना क्वचितच लाभते.

असो. आमचा दहा कोअरचा संगणक आम्ही विकला नाही. ध्वनिमुद्रणांच्या रूपांतराची कामे तो आठ हातांच्या देवीसारखा उरकतो. त्या विद्यार्थिनीनेही निबंध फाडला नाही. तिने त्याला एक परिच्छेद जोडला: कोणत्या यंत्रावर, कोणत्या आवृत्तीत, किती गतीने कृती पाहिली, याची नोंद. हस्तलिखितांचा अभ्यासक पोथी कोठली आणि पाने किती गहाळ आहेत हे आधी सांगतो, तसेच हे. आमच्या मंडळात आता ही नोंद नसलेला निबंध स्वीकारला जात नाही. खेळांवर लिहू पाहणाऱ्या इतरांनीही, आस्वादाकडे वळण्यापूर्वी, आपली प्रत कोणती आहे हे एकदा तपासून घ्यावे.