गाडीला नव्हे, माणसाला जागा द्या

या महिन्याच्या टपालात महाडहून दोन आणि पोलादपूरहून एक पत्र आले. तिन्हींचा विषय एकच आहे. पहिल्या वाचकाकडे साइड व्हील लावलेली स्कूटर आहे. एका आवारात त्यांना दारापाशी गाडी लावू देतात, कारण आरसीवर मालकीच्या रकान्यात 'दिव्यांगजन' अशी नोंद आहे. पुढच्या चौकातल्या आवारात आरसी चालत नाही, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र मागतात. ते काढून दिले की उत्तर येते, "हे पार्किंगचे नाही, पास आणा." पास कोण देतो ते मात्र कोणालाच ठाऊक नाही. एक खिडकी पोलिसांचे नाव घेते, दुसरी आरटीओचे. आरटीओ म्हणजे पेण. महाडकराचा त्यात अख्खा दिवस जातो, पोलादपूरकराला पहाटे निघावे लागते.

असा पास ना दिव्यांग हक्क कायद्यात आहे, ना मोटार वाहन कायद्यात. जो कागद अस्तित्वातच नाही तो आणायला माणसाला पाठवले जाते आणि तेही चालता न येणाऱ्या माणसाला. याचा संताप यायला हवा.

पण आम्हाला जास्त अस्वस्थ केले ते दुसऱ्या पत्राने. ते एका आईचे आहे. मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, यूडीआयडी कार्डावर निळी पट्टी, म्हणजे अपंगत्व 80 टक्के किंवा त्याहून अधिक. मुलगा पंधरा वर्षांचा झाला, आता कडेवर मावत नाही. थेरपीला न्यायला त्या भाड्याची गाडी करतात. ती गाडी 'दिव्यांगांची' नाही म्हणून राखीव जागेवर उभी राहू देत नाहीत. पोलादपूरचे वाचक मणक्याच्या दुखापतीनंतर व्हीलचेअरवर आहेत. वाडीवरून शेजाऱ्याच्या जीपमधून उतरतात. त्यांनाही हेच ऐकवले गेले. म्हणजे ज्याला स्वतः गाडी चालवता येते त्याला कधीमधी जागा मिळते आणि ज्याला तेही जमत नाही त्याला मुळीच नाही.

घोळाचे मूळ इथे आहे. हक्क गाडीला चिकटवला, माणसाला नाही. ब्रिटनमध्ये 1970 च्या कायद्यानंतर नारिंगी बिल्ला आला, 2000 पासून तो निळा झाला. तो व्यक्तीच्या नावाने मिळतो, ती ज्या गाडीत बसेल त्या गाडीच्या काचेमागे ठेवायचा. अर्ज स्थानिक कौन्सिलच तपासते, पण पात्रतेचे निकष प्रत्येक गावाने आपल्यापुरते ठरवायचे नसतात. आपल्याकडे नवा बिल्ला छापायचीही गरज नाही, यूडीआयडी आहेच. कमी आहे ती एका नोंदीची: या व्यक्तीला चालण्यात गंभीर अडचण आहे. आपल्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वे आहेत. केवळ टक्क्यांवरून पार्किंगची गरज कळत नाही. 40 टक्के कर्णबधिर व्यक्तीला दाराजवळची जागा लागेलच असे नाही.

"मग बोगस लोक घुसतील," असे उत्तर आपण सगळ्यांनी ऐकले आहे. त्यासाठी 2016 च्या याच दिव्यांग हक्क कायद्यात कलम 91 आहे. खोटेपणाने लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ते वापरा. खऱ्याला दारातून परत पाठवणे हा त्यावरचा उपाय नाही.

जागेचे मापही ठरलेले आहे. राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत प्रवेशद्वारापासून 30 मीटरच्या आत दोन मोटारींची जागा सांगितली आहे, प्रत्येक खण किमान 3.6 मीटर रुंद. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्याची पाच वर्षांची मुदत जून 2022 मध्येच संपली. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की सुगम्यतेचे निकष ऐच्छिक ठेवता येणार नाहीत. तरी आजही आपल्या तालुक्यांत एसटी स्थानक, दवाखाना, तहसील, बाजारपेठ, प्रत्येकाचा मालक वेगळा आणि प्रत्येकाचा नियम रखवालदाराच्या तोंडी.

ठरावाने जागा मिळत नाही हे महाडला कोणी सांगायला नको. 1923 मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात झाला, 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. प्रत्यक्षात पाण्याला हात लागला तो 20 मार्च 1927 रोजी, बाबासाहेबांसह हजारो माणसे चालत गेली तेव्हा. त्या दिवसाच्या स्मरणासाठी आजही महाडात अलोट गर्दी होते, शिवराज्याभिषेक दिनी रायगडाच्या पायथ्याच्या पाचाडला होते. गाड्या दूर थांबवाव्या लागतात, हे मान्य. पण चालू न शकणाऱ्या यूडीआयडीधारकाची गाडी कुठपर्यंत सोडायची, हे बंदोबस्ताच्या आदेशात एका ओळीत लिहा. बॅरिकेडवरच्या शिपायावर तो निर्णय टाकू नका.

आता आपल्याविषयी. तीनचाकी वाटपाचे फोटो आमच्याकडे दर महिन्याला येतात. पार्किंगबाबत लेखी अर्ज केल्याची पोच मात्र वर्षभरात एकाही संस्थेने पाठवलेली नाही. शिबिरात दिलेली सायकल ज्या दारापर्यंत पोचत नाही त्या दाराची जबाबदारी आपलीही आहे. नगरपरिषद आणि नगरपंचायतीला दिव्यांगांसाठी 5 टक्के निधी खर्चायचा असतो. पांढरा पट्टा, फलक आणि उतार यांना त्यातले कितीसे लागतील?

म्हणून महाड-पोलादपूरच्या कार्यकर्त्यांना विनंती आहे, नव्हे, आग्रह आहे. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 72 खालच्या जिल्हास्तरीय समितीकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे एकाच मजकुराचा अर्ज द्या: चालण्यात गंभीर अडचण असलेल्या व्यक्तीचे यूडीआयडी हाच पुरावा, वाहन कोणतेही चालेल, आणि हे दोन्ही तालुक्यांतल्या प्रत्येक शासकीय आवाराला लागू. वाहनतळ ठरवताना मोटार वाहन कायद्याचे कलम 117 स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करायला सांगते, तेव्हा मुख्याधिकाऱ्यांनाही प्रत द्या. जाताना टेप घेऊन जा, खण मोजा आणि आकडे अर्जात लिहा. अर्जाचा मसुदा शेवटच्या पानावर छापला आहे. पोचपावतीची प्रत येत्या 10 तारखेपर्यंत आमच्याकडे यावी. ज्या आवारांकडून उत्तर येणार नाही त्यांची नावे पुढच्या अंकात याच जागी छापू.