आधी खोला, मग बोला

जुन्या छोट्या गाडीच्या पुढच्या अंगाने खडखड येऊ लागली की मालकाला दोन सल्ले हमखास मिळतात. एक जण म्हणतो, "रॅक गेला, पूर्ण असेंब्ली बदला." दुसरा म्हणतो, "काही झालं नाही, थोडं टाइट करून देतो." दोघांनीही गाडी वर घेतलेली नसते, खाली हात घातलेला नसतो. मला हे दोन्ही सल्ले मान्य नाहीत. स्टिअरिंग रॅक दुरुस्त करायचा की बदलायचा, हा प्रश्न तो डोळ्यांनी पाहिल्यावर सुटतो. त्याआधी दिलेलं उत्तर योगायोगाने बरोबर निघालं, तरी ते अंदाजानेच दिलेलं असतं.

माझी मारुती ८०० ही २००४ सालची. तिला पॉवर स्टिअरिंग नाही. कराडहून चिपळूणला महिन्यातून एक खेप असते, म्हणजे कुंभार्ली घाट आलाच. दोन वर्षांपूर्वी पाटणच्या पुढे खराब रस्त्याला स्टिअरिंगमधून हाताला टकटक जाणवू लागली. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दाखवली. त्यांनी पाच मिनिटं चालवून बघितली आणि रॅक असेंब्लीचं एस्टिमेट हातात दिलं. मी घाबरलो आणि रस्त्याकडेच्या एका गॅरेजमध्ये गेलो. तिथे पान्याने एक स्क्रू आवळून दिला. टकटक त्या दिवशी थांबली. पुढच्या खेपेला घाट उतरताना एका वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, वळण संपलं, हात सैल सोडले, तर स्टिअरिंग परत येईना. चाकं वळलेलीच राहिली आणि समोर कठडा. दोन्ही हातांनी ओढून गाडी सरळ केली तेव्हा तळहाताला घाम फुटला होता. या लेखात मी जे काही ठासून लिहितो आहे, ते त्या वळणावर शिकलेलं आहे.

"थोडं टाइट करून देतो" हे अधिक घातक, म्हणून आधी त्याचाच समाचार घेतो. स्टिअरिंगचा दांडा खाली येऊन पिनियन नावाचं लहान दातेरी चाक फिरवतो. पिनियनचे दाते एका आडव्या दातेरी दांड्यात बसतात. तो दांडा म्हणजे रॅक. पिनियन फिरलं की रॅक डावी-उजवीकडे सरकतो आणि चाकांना वळवतो. रॅक पिनियनपासून सुटा पडू नये म्हणून त्याच्या पाठीला स्प्रिंगच्या जोरावर एक दट्ट्या दाबून धरलेला असतो. त्याचा जोर कमी-जास्त करणारा स्क्रू बाहेरून फिरवता येतो. गॅरेजमध्ये आवळतात तो हाच.

आता गाडी आयुष्यभर कशी चालते ते पाहा. बहुतेक वेळ सरळ. म्हणून रॅकचे मधले दाते झिजतात, टोकाचे दाते जवळजवळ कोरे राहतात. मधली ढिलाई घालवण्यासाठी स्क्रू आवळला की मध्ये बरं वाटतं, पण स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर न झिजलेले दाते पिनियनखाली येतात आणि तिथे रॅक आवळून बसतो. वळणानंतर चाकं आपोआप सरळ होतात ती कास्टर अँगल आणि पुढच्या चाकांच्या बाकीच्या भूमितीमुळे. आवळलेला रॅक त्या ताकदीला अडवून धरतो. माझ्या गाडीचं घाटात हेच झालं होतं. स्क्रू हा निरुपयोगी भाग आहे असं मी म्हणत नाही. दाते शाबूत असताना, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टिअरिंग फिरवून बघत, जाणकार हाताने तो थोडा सरकवणं योग्यच आहे. ढिलाई कुठली आहे ते न बघता आवळणं मात्र रोग झाकण्यासारखं आहे, आणि झाकलेला रोग घाटात बाहेर येतो.

पहिल्या सल्ल्याचा युक्तिवाद जास्त वजनदार आहे, म्हणून तो त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो. स्टिअरिंगवर माणसांचे जीव अवलंबून असतात. इंजिन बंद पडलं तर गाडी कडेला लावता येते. स्टिअरिंग गेलं तर काहीच हातात राहत नाही. कंपनी रॅक जुळवलेल्या असेंब्लीच्या रूपात विकते. मग गॅरेजच्या बाकड्यावर तो उघडण्याचा धोका कशाला? हा प्रश्न प्रामाणिक आहे. मीही बायको-मुलांना घेऊन त्याच गाडीत बसतो.

पण सुरक्षिततेचं नाव घेतलं तर ते शेवटपर्यंत घ्यावं. या सगळ्या साखळीत सर्वांत भयंकर बिघाड कोणता? बॉल जॉइंट झिजून सॉकेटमधून निसटणं. तो निसटला की चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही. आणि हेच बॉल जॉइंट, म्हणजे रॅक एंड आणि टाय रॉड एंड, सुटे मिळतात आणि रोज सुटे बदलले जातात, मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्येही. जिवाचा भाग सुटा बदलता येतच नाही, हे तत्त्व त्यांच्याच कामाने खोटं ठरतं. शिवाय आवाज रॅकचाच आहे कशावरून? लोअर आर्मचा बुश, स्ट्रटचं वरचं माउंटिंग, स्टॅबिलायझर बारचे रबर, स्टिअरिंगच्या दांड्यातला जॉइंट, हे सगळे जवळपास तसाच आवाज करतात. आल्टो किंवा वॅगन आरच्या इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगची मोटर तर वर कॉलमवर असते, म्हणजे संशयाची आणखी एक जागा. नवा रॅक बसवून लोअर आर्मचा बुश तसाच राहिला, तर हजारो रुपये जातात आणि आवाज घरी येतो. गाडी सुरक्षित झाल्याचा भ्रम तेवढा वाढतो.

आणखी एक गोष्ट जुन्या गाडीवाल्याने विसरू नये. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. अशा गाडीसाठी "नवा रॅक" म्हणून जे डब्यातून निघतं, ते दर वेळी मूळ दर्जाचं असतंच असं नाही. हलक्या धातूचा लोकल रॅक बसवण्यापेक्षा मूळ रॅक शाबूत असेल तर त्यातला झिजलेला भाग बदलणं अधिक सुरक्षित आहे.

"जुन्या गाडीवर खर्च कशाला?" हा तिसरा आक्षेप थोडक्यात आटोपतो. खर्चाची तुलना गाडी विकून काय येईल याच्याशी करणं चूक आहे. १५ वर्षांनंतर नोंदणी पुढे ५ वर्षांसाठी नूतनीकृत होते, आणि १ एप्रिल २०२२ ला कारसाठी ही फी ६०० वरून ५ हजार रुपये करण्यात आली होती. अशी फी भरून आपण गाडी रस्त्यावर ठेवतो, तर तिचं स्टिअरिंग नीट ठेवणं हे त्याच निर्णयाचं दुसरं अंग आहे. गाडी रस्त्यावर राहणार नसेल तर विषय संपला. पण राहणार असेल तर समोरून येणाऱ्याला आपली गाडी किती जुनी आहे याच्याशी देणंघेणं नसतं.

मग करायचं काय? घाटातल्या त्या प्रसंगानंतर मी तिसऱ्या मिस्त्रींकडे गेलो, आणि त्यांनी जे केलं तेच माझं म्हणणं. पहिलं काम त्यांनी मला दिलं. "इंजिन बंद ठेवा, चाकं जमिनीवर राहू द्या, आणि स्टिअरिंग बोटभर डावी-उजवीकडे झुलवत राहा." ते खाली आडवे झाले आणि एकेक जॉइंट मुठीत धरून बघत गेले. मग पुढची बाजू जॅकवर घेतली. चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवलं, मग वर-खाली धरून हलवलं. पहिल्या हालचालीत स्टिअरिंगची ढिलाई कळते, दुसरीत खालचा बॉल जॉइंट आणि बेअरिंगची. एवढ्याला वीस मिनिटं लागली. सर्व्हिस सेंटरने हीच वीस मिनिटं वाचवली होती.

रॅक उतरवून बाकड्यावर आला. डाव्या बाजूचा रबरी बूट, हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्यांचा, एका घडीत फाटलेला होता. मिस्त्रींनी रॅक रॉकेलने पुसला आणि खिडकीच्या उजेडात धरला. दाते सरळ होते, मधल्या दात्यांवर चमक होती पण कडा शाबूत होत्या, गंजाचा ठिपका नव्हता. मग त्यांनी डाव्या टोकाचा बुश काढून माझ्या तळहातावर ठेवला. पिनियन ड्रायव्हरच्या बाजूला असतं. दुसरं टोक सांभाळतो हा प्लॅस्टिकचा गोल. तो गोल उरलाच नव्हता, लांबट झाला होता, आणि एका जागी केसाएवढी चीर होती. माझी टकटक ती एवढीच. बुश, दोन्ही बूट आणि डावा रॅक एंड बदलला, नवं ग्रीस भरलं, आवळलेला स्क्रू पुन्हा जागेवर आणला, मग व्हील अलाइनमेंट. टाय रॉडचे आटे उघडले की अलाइनमेंट करावीच लागते. ती टाळणारा पुढचे टायर खातो.

म्हणजे नेहमी दुरुस्तीच करा असं मी म्हणतो आहे का? मुळीच नाही. दात्यांच्या कडा झिजून गोल झाल्या असतील, फाटक्या बुटातून पाणी शिरून रॅकला गंजाचे खड्डे पडले असतील, अपघातात दांडा वाकला असेल, तर तो फेकायचाच. रॅकचे दाते उष्णतेने कडक केलेले असतात; वाकलेला दांडा तापवून किंवा ठोकून सरळ केला तर कडकपणा जातो किंवा न दिसणारी चीर राहते. वेल्डिंगचं नाव तिथे काढूच नये. भंगारातला रॅकही नको. तो कुठल्या धडकेतून आला हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

माझ्या मित्राच्या झेन गाडीच्या वेळी मी स्वतः "बदल" म्हणालो. त्याने तीन वर्षांत तीनदा स्क्रू आवळून घेतला होता. त्याच मिस्त्रींनी रॅक उघडला आणि या वेळी वाद घालायची वेळच आली नाही. मूळ दर्जाची नवी असेंब्ली मागवली. जुना रॅक मात्र त्यांनी टाकला नाही. तो अजून त्यांच्या बाकड्याच्या कडेला ठेवलेला आहे. कोणी गाडीतून उतरता उतरता "मिस्त्री, जरा टाइट करून द्या" म्हणाला, की ते त्याला तो रॅक देतात आणि दात्यांवरून नख फिरवायला सांगतात. टोकाला नख प्रत्येक खाचेत अडकतं. मध्ये आलं की घसरत जातं.