मानेवरची गाठ आणि सुईची भीती

‘गाठीला सुई लावू देऊ नका, चिघळेल,’ असा सल्ला देणारे कोणी ना कोणी प्रत्येक घरात भेटतेच. मग लेप लावण्यात आणि शेक देण्यात महिने निघून जातात. गाठ साधी असेल तर निभावते. पण ती क्षयाची किंवा कर्करोगाची असेल, तर उपचारांचा मोलाचा काळ हातून निसटतो.

मानेत, जबड्याखाली किंवा कानापुढे आलेली प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. दाताच्या किंवा घशाच्या संसर्गानेही गाठी सुजतात. क्षय, थायरॉइड किंवा लाळग्रंथींचे विकार हीही कारणे असू शकतात. नुसते चाचपून नेमके कारण ओळखणे तज्ज्ञांनाही नेहमी जमत नाही. म्हणून ‘एफएनएसी’ ही तपासणी करतात.

यात अगदी बारीक सुईने गाठीतल्या थोड्या पेशी घेऊन, काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बहुधा भूल द्यावी लागत नाही, टाका पडत नाही आणि रुग्ण लगेच घरी जाऊ शकतो. गाठ खोल असेल तर सोनोग्राफीत पाहून सुई घालतात. क्षयाची शंका असल्यास त्याच वेळी घेतलेला नमुना जंतूंच्या तपासणीलाही पाठवता येतो.

ही पद्धत नवी नाही. न्यूयॉर्कच्या मार्टिन आणि एलिस यांनी १९३० मध्येच तिची माहिती प्रसिद्ध केली होती. त्यांची सुई जाड होती, आजची बारीक असते. अशा सुईने कर्करोग पसरल्याची उदाहरणे अत्यंत विरळ आहेत.

अर्थात, या तपासणीलाही मर्यादा आहेत. पेशी पुरेशा न मिळाल्यास ती पुन्हा करावी लागते किंवा जागेवर भूल देऊन जाड सुईने छोटा तुकडा काढतात. लिम्फोमाची शंका असेल तर बऱ्याचदा संपूर्ण गाठ काढून तपासतात. अहवाल चांगला आला, तरी गाठ वाढतच असेल तर डॉक्टरांना पुन्हा दाखवा.

रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास आधी सांगा. स्वतःच्या मनाने ते बंद करू नका. तंबाखू खाणाऱ्यांनी व ओढणाऱ्यांनी तोंड आणि घसाही तपासून घ्यावा, कारण मूळ रोग तिथे आणि गाठ मानेत, असे पुष्कळदा घडते.

दोन-तीन आठवड्यांत न विरघळलेली गाठ, दुखत नसली तरी, कान-नाक-घसा तज्ज्ञांना अवश्य दाखवा. सुईची टोचणी क्षणाची असते. उशिराची किंमत फार मोठी.